चकाकीखाली पुसला जाणारा इतिहास : जुन्या मोटारींचे ओतीव अ‍ॅल्युमिनियम

१/
१२ जुलै २००९. स्वित्झर्लंडमधील आस्कोना या गावाचा किनारा. मज्जोरे सरोवराच्या तळातून, सुमारे ५३ मीटर खोलीवरून, एक मोटार वर येत होती आणि काठावर बघ्यांची गर्दी उसळली होती. पाण्याबाहेर आली ती १९२५ सालची बुगाटी ब्रेशिया, टाइप २२. तिने जवळजवळ पाऊण शतक पाण्याखाली काढले होते. सांगाडा गंजाने खाल्लेला, बराचसा भाग झडून गेलेला. जी बाजू गाळात रुतली होती ती तेवढी बरी टिकलेली. जाणकारांच्या मते तिच्यातील जेमतेम पाचवा हिस्सा पुन्हा वापरता येण्याजोगा होता.

२/
ही गाडी सरोवरात गेली कशी? आख्यायिका पत्त्यांच्या डावाची, पॅरिसमधील मद्याची आणि न भरलेल्या जकातीची आहे. त्यातले खात्रीने धरण्याजोगे एवढेच, की स्विस जकातीचा पैसा थकला आणि १९३६ च्या सुमारास गाडी पाण्यात सोडण्यात आली. गरज पडल्यास वर ओढता यावी म्हणून तिला साखळी बांधली होती, असे सांगतात. साखळी गंजून तुटली आणि गाडी तळाला गेली. १९६७ साली एका पाणबुड्याला ती दिसली. पुढे स्थानिक पाणबुड्यांच्या मंडळाने एका मृत तरुणाच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या सेवाकार्यासाठी निधी जमवायचा म्हणून ती वर काढली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २,६०,५०० युरो मिळाले.

३/
विकत घेणारे होते अमेरिकेतील संग्राहक पीटर मलिन. बुगाटींचा त्यांच्याइतका जाणता संग्राहक विरळाच. पैसा होता, कारागीर होते. गाडी नव्यासारखी चमकवणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी ती तशीच ठेवली. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथील त्यांच्या संग्रहालयात ही गंजलेली, सोलवटलेली मोटार झगमगत्या गाड्यांच्या शेजारी मांडली गेली. अनेकांना हा विक्षिप्तपणा वाटला. त्यामागचा विचार समजून घ्यायचा तर आधी एका धातूचा इतिहास पाहावा लागतो आणि मग तो धातू ‘स्वच्छ’ करण्याचा इतिहास.

४/
अ‍ॅल्युमिनियम हा मानवाच्या हाती फार उशिरा लागलेला धातू. पृथ्वीच्या कवचात तो विपुल आहे, पण ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसलेला असतो की साध्या भट्टीत कोळशाने तो सुटत नाही. १८२५ साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी त्याचा अशुद्ध कण मिळवला, १८२७ मध्ये जर्मनीच्या व्होलर यांनी पुढचे पाऊल टाकले, १८५४ मध्ये फ्रान्सच्या देव्हिल यांनी तो अधिक प्रमाणात काढण्याची रीत बसवली. तरीही तो चैनीचाच धातू राहिला. १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर बसवलेले सुमारे २.८५ किलोचे टोक ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे होते. बसवण्याआधी ते न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीत लोकांना पाहण्यासाठी ठेवले होते.

५/
मग १८८६ उजाडले. २९ जानेवारीला कार्ल बेंझ यांनी जर्मनीत आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. २३ फेब्रुवारीला अमेरिकेत चार्ल्स हॉल या तरुणाने विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम वेगळे केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे तीच रीत शोधली. दोघांचाही जन्म १८६३ चा आणि मृत्यूही एकाच वर्षी, १९१४ मध्ये. मोटार आणि स्वस्त अ‍ॅल्युमिनियम अशी ही जुळी भावंडे. पुढच्या काही वर्षांत धातूचा भाव कोसळला आणि जवाहिऱ्याच्या कपाटातला हा धातू ओतशाळेत आला.

६/
मोटार बनवणाऱ्यांना तो का हवा होता? लोखंडाच्या साधारण एकतृतीयांश वजन आणि ६६० अंश सेल्सिअसला वितळण्याचा गुण, ही दोन मोठी कारणे. १९०१ मध्ये गाजलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा ज्यात बसतो ते कवच, हलक्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे होते. अमेरिकेच्या पिअर्स-अ‍ॅरो कंपनीने तर १९०४ पासून सुमारे १९२० पर्यंत गाडीच्या बांध्याचे भागसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचे ओतले. रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीच्या इंजिनाचे क्रँककेसही याच धातूचे. १९०८ च्या मुंबई–कोल्हापूर चाचणीत याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही गाडी सह्याद्रीचे घाट चढली आणि पुढे ग्वाल्हेर दरबारी गेली.

७/
आता ओतशाळेत डोकावू. आधी लाकडाचा नमुना कोरतात. तो चौकटीतल्या ओलसर वाळूत दाबून दोन भागांचा साचा करतात. आत पोकळी हवी असेल तिथे वाळूचाच गाभा ठेवतात. वितळलेला धातू ओततात, थंड होऊ देतात, साचा फोडतात. बाहेर येणाऱ्या भागावर या प्रत्येक पायरीची खूण राहते. साच्याचे दोन भाग जिथे मिळाले तिथे उंचावलेली बारीक रेघ, जिथून धातू ओतला तिथे कापून टाकलेल्या दांड्याचा वण, सर्वांगावर वाळूच्या कणांचा खरखरीत ठसा. लाकडी नमुना जुना होऊन तडकला असेल तर त्या भेगेचीसुद्धा नक्कल धातूवर उतरते.

८/
हे वण म्हणजे कारखान्याची दैनंदिनी. वाळूच्या ठशाचा पोत पाहून हा भाग वाळूत ओतला की लोखंडी साच्यात, हे जाणकार सांगतो. भिंतीची जाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असेल तर ओतताना गाभा सरकला होता. एखाद्या कोपऱ्यावर कानशीचे ओरखडे असतील तर जादाचा धातू कोणी हाताने घासून काढला होता. ज्या कामगारांची नावे कोणत्याही कंपनीच्या इतिहासात आली नाहीत, त्यांच्या हातांची ही एकमेव नोंद. शिलालेखाचा अभ्यासक अक्षरवाटिका पाहतो, तसा हा अभ्यासक पृष्ठभाग पाहतो.

९/
काही खुणा तर सरळ वाचता येतात. शेव्हरोलेच्या ओतीव भागांवर तारखेचा संकेत असे : इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर म्हणजे जानेवारी, बारावे म्हणजे डिसेंबर, मग दिवसाचा आकडा, मग वर्षाचा शेवटचा अंक. अ‍ॅल्युमिनियमच्या अनेक इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण पोहोचवणाऱ्या नळकांड्यांच्या जुडग्यावर, हिमकणाचे चिन्ह आढळते. ते ओहायोतील विंटर्स फाउंड्रीचे. भाग ओतल्याची तारीख गाडी जोडल्याच्या तारखेनंतरची निघाली, तर तो भाग मूळचा नाही. इतिहासाच्या वर्गात ‘अंतर्गत साक्ष’ म्हणून जे शिकवतात, ते हेच.

१०/
१९२४ च्या ऑगस्टमध्ये ल्यों येथील ग्रां प्री शर्यतीत बुगाटीची टाइप ३५ प्रथम उतरली. तिची चाके पाहून लोक थबकले. तारांच्या आऱ्यांऐवजी ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे आठ चपटे आरे आणि ब्रेकचा ड्रम चाकाशी एकजीव ओतलेला. चाक काढले की ब्रेक आपोआप उघडा पडे. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि यश हुकले, पण पुढची काही वर्षे या गाडीने शर्यती गाजवल्या. आज ती मूळ चाके शंभरीला आली आहेत. ओतीव धातू वारंवारच्या ताणाने थकतो, त्यात बारीक भेगा पडतात; म्हणून धावत्या गाड्यांना नव्याने ओतलेली चाके लावून जुनी जपून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

११/
काळ अ‍ॅल्युमिनियमवर तीन प्रकारे काम करतो. पहिला प्रकार तेलाचा : ओतीव धातूत सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांत इंजिनाचे तेल मुरते आणि उष्णतेने तपकिरी, मग काळे होऊन बसते. दुसरा क्षाराचा : मीठ किंवा खारी हवा लागली की धातूवरचे काही नॅनोमीटर जाडीचे संरक्षक ऑक्साइडचे कवच जागोजागी फुटते आणि पांढरी भुकटी धरून खळगे पडतात. तिसरा शेजाराचा : अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात पोलादी बोल्ट किंवा पितळी तुकडा बसवला आणि मध्ये ओल शिरली, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते. हे तिन्ही थर ‘मळ’ दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगवेगळे आहेत.

१२/
आता सफाईचा इतिहास. गॅरेजांनी सफाईची विद्या लोखंडावर शिकली. लोखंडी ब्लॉक दाहक सोड्याच्या उकळत्या हौदात सोडला की तेल-काजळी सुटते आणि लोखंडाला काही होत नाही. तीच रीत अ‍ॅल्युमिनियमला लावली की अनर्थ होतो. सोडा प्रथम ऑक्साइडचे कवच विरघळवतो, मग धातूच खाऊ लागतो. हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि मिश्रधातूतले तांबे-सिलिकॉन काळ्या राखेसारखे वर उरते. स्वयंपाकघरात हा प्रयोग अजाणता होतो : अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोड्याचे पाणी उकळले की पातेले आतून काळवंडते. हौदात मात्र काळवंडण्यावर भागत नाही. धारा बोथट होतात, आकडे पुसट होतात, पेचांचे आटे जातात.

१३/
दुसरी रीत आम्लाची. चिंचेने वा लिंबाने अ‍ॅल्युमिनियमचे भांडे उजळते, हे घराघरांत ठाऊक आहे; सौम्य आम्ल वरचा काळा थर काढते. बाजारातील काही ‘चकाकी आणणारी’ द्रावणे मात्र हायड्रोफ्लोरिक आम्लावर आधारलेली असतात. ती क्षणात लख्ख करतात, कारण वरचा थर ती धातूसकट उचलून नेतात. हे आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते आणि वेदना कित्येकदा उशिरा जाणवते. हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, हे इथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

१४/
तिसरी रीत वाळूच्या माऱ्याची. १८७० साली फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी वाळूच्या झोताने कठीण पृष्ठभाग कोरण्याचे पेटंट घेतले. लोखंडावरचा गंज काढायला ही रीत उत्तम ठरली. अ‍ॅल्युमिनियम मऊ, त्यावर तोच मारा केला की ओतशाळेच्या वाळूचा मूळ ठसा नाहीसा होऊन नव्या वाळूचा ठसा उमटतो. दिसायला दोन्ही खरखरीत, पण एक १९२५ चा आणि दुसरा कालचा. शिवाय माऱ्याने धातू ठेचला जाऊन भेगांची तोंडे मिटतात आणि धोकादायक तडा नजरेआड होतो. तेलाच्या वाटांत अडकलेले कण नंतर बेअरिंगे खाऊन टाकतात, ते वेगळेच.

१५/
चौथी रीत चकाकीची : तारेचा ब्रश, मग पॉलिशचे चाक. पोलादी ब्रशाचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे तिथेच झीज सुरू होते. चाक तर साच्याची रेघ, कानशीचे ओरखडे, तपासनीसाने ठोकलेला ठसा असे सारे काही एका सपाटीला आणते. कित्येक कारखान्यांनी हे भाग कधी चमकवलेच नव्हते. ओतशाळेतून आले तसे राखाडी, खरखरीत ते गाडीत बसत. आरशासारखे क्रँककेस हे पुष्कळदा भूतकाळाचे चित्र नसते; भूतकाळ कसा असावा याविषयीच्या आजच्या आवडीचे ते चित्र असते.

१६/
या आवडीला स्पर्धांनीही खतपाणी घातले. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून देखण्या मोटारींचा मेळा भरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा मेळ्यांतून निर्दोष चकाकीला मान मिळत गेला आणि जुन्या गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याहूनही नव्या दिसू लागल्या. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वारे फिरले : न डागडुजी केलेल्या, मूळ रंगरूपातल्या गाड्यांसाठी तिथे स्वतंत्र वर्ग सुरू झाला. जे व्रण लपवायचे ते आता पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले.

१७/
चकाकीपेक्षाही मोठा शत्रू मात्र भट्टी. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवे काढण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते. त्यामुळे त्याच्या भंगाराला नेहमीच गिऱ्हाईक असते. जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये गृहिणींना भांडीकुंडी देण्याचे आवाहन झाले, त्यांची लढाऊ विमाने करायची म्हणून. पुढल्या वर्षी अमेरिकेतही अशीच मोहीम निघाली. जिथे स्वयंपाकाची पातेलीही सुटली नाहीत, तिथे बंद पडलेल्या मोटारीच्या क्रँककेसची काय कथा? जे भाग आज उरले आहेत ते अशा चाळणीतून उरलेले आहेत, म्हणून त्यांच्यावरची प्रत्येक खूण मोलाची.

१८/
पृष्ठभागाच्या आतही इतिहास असतो, याचा सर्वांत विलक्षण पुरावा मोटारीच्या चुलत भावंडाकडून मिळतो. राइट बंधूंनी विमानासाठी इंजिन मागितले तेव्हा मोटार-उत्पादकांकडून त्यांना हवे तसे इंजिन मिळाले नाही. मग त्यांच्या सायकलच्या दुकानातील यंत्रकारागीर चार्ली टेलर यांनी ते घडवले. क्रँककेस डेटन गावातच अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतून घेतले. पहिले चाचणीत फुटले, दुसरे ओतावे लागले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच इंजिनाने विमान हवेत उचलले. त्या मिश्रधातूत ८ टक्के तांबे होते. पुढे अमेरिकी मोटारींच्या ओतीव भागांत सर्रास वापरला गेलेला मिश्रधातू तो हाच.

१९/
१९९४ साली फ्रँक गेल आणि मार्था गुडवे या संशोधकांनी त्या क्रँककेसच्या धातूचे परीक्षण ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना तांब्याच्या अणूंचे दोन आकारांचे पुंजके दिसले. १० ते २२ नॅनोमीटरचे मोठे पुंजके ओतशाळेत धातू थंड होताना तयार झालेले. सुमारे ३ नॅनोमीटरचे बारीक पुंजके त्यानंतरच्या ९० वर्षांत, नुसत्या हवेच्या तापमानात, सावकाश जमलेले. अशा पुंजक्यांनी अ‍ॅल्युमिनियम कठीण होते. हा गुण शोधण्याचे श्रेय जर्मनीच्या आल्फ्रेड विल्म यांच्या १९०९ च्या प्रयोगांना दिले जाते. डेटनच्या अनाम ओतकाऱ्याच्या हातून तो त्याआधीच, नकळत, घडून गेला होता.

२०/
या शोधाची किंमत कळायची तर एक कल्पना करावी. समजा, कुणी सद्भावनेने ते क्रँककेस रंगवून टिकाऊ करायचे ठरवले असते आणि पावडर कोटिंगच्या भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजले असते. किंवा तडा बुजवायला वितळजोड केली असती. ते बारीक पुंजके उष्णतेला नाजूक असतात. साधारण त्याच तापमानाला ते पुन्हा धातूत विरघळू लागतात. बाहेरून भाग अधिक देखणा दिसला असता आणि आतली ९० वर्षांची नोंद कायमची गेली असती. कुणाला कळलेही नसते, कारण अशी नोंद तिथे आहे हेच तोवर ठाऊक नव्हते. जपणुकीतली मोठी अडचण ही आहे : उद्याचा अभ्यासक कोणता प्रश्न विचारेल, हे आजच्या सफाईवाल्याला माहीत नसते.

२१/
चांगल्या हेतूने झालेली हानी महाराष्ट्राला परकी नाही. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी सावरला, पण चित्रांवर दिलेले लाखेचे वॉर्निश पुढे पिवळसर होऊन काळवंडले आणि ते उतरवणे पुढच्या पिढ्यांचे काम होऊन बसले. अशा अनुभवांतून जगभर एक तत्त्व आकाराला आले. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत ते मांडले : जिथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली स्वीकारलेल्या तोरिनो सनदेने हाच विचार मोटारींपर्यंत आणला.

२२/
‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी बेंटली, ‘ओल्ड नंबर वन’, एक कोटी पौंडांना विकली गेली आणि मग खरेदीदाराने ती खरी नसल्याचा आक्षेप घेतला. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात एकेका भागाचा हिशेब झाला. १९२९ च्या गाडीतले मोजकेच भाग उरले होते. त्यांत गिअरबॉक्सचे ओतीव कवचही होते. गाडी कधी नाहीशी झाली नाही, बदलत बदलत अखंड चालत आली, म्हणून तीच ती गाडी होय, असा निकाल लागला. सलग इतिहास सिद्ध करायचा तर भाग आणि त्यावरच्या खुणा बोलत्या राहायला हव्यात.

२३/
मग जुना भाग धुवायचाच नाही का? जरूर धुवावा, पण क्रमाने. आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे, आकडे आणि ठसे यांची नोंद. मग केरोसीन आणि मऊ केसांचा ब्रश. घट्ट काजळीला लाकडाची किंवा बांबूची पट्टी. नंतर सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि पूर्ण वाळवण. तडे शोधायला रेल्वेच्या कारखान्यांतली जुनी युक्ती अजूनही उपयोगी : भाग तेलात भिजवावा, पुसावा, वर खडूची पूड लावावी, भेगेतले तेल पांढऱ्यावर रेघ काढते. पाण्यासह सूक्ष्म कणांचा सौम्य मारा शेवटी, तोही ठसे झाकून. आणि भाग मॅग्नेशियमचा नाही याची खात्री आधी करावी. त्याचा कीस पेट घेतो. प्रत्येक पायरीनंतर थांबून पाहावे. काढलेला थर परत लावता येत नाही.

२४/
दुसरी बाजूही ऐकायला हवी. मोटार ही धावण्यासाठी जन्मलेली वस्तू. क्षाराने पोखरलेले क्रँककेस तसेच ठेवले तर झीज थांबत नाही. तडा गेलेल्या चाकावर माणसाचा जीव सोपवता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी हात लावला नसता तर बहुतेक जुन्या गाड्या कधीच भट्टीत गेल्या असत्या, आणि तुटके कवच जोडण्याचे त्यांचे कसब हासुद्धा एक इतिहासच आहे. म्हणून पन्नास-साठ वर्षांपूर्वीची जुनी वितळजोड घासून लपवणेही चूक. ज्या भागाचे शेकडो नमुने उपलब्ध आहेत तो चालता करावा; जो एकटा उरला आहे त्याला हात लावण्याआधी दहादा विचार करावा. निर्णय वस्तूगणिक वेगळा असतो, नोंद मात्र प्रत्येक वेळी करावीच लागते.

२५/
आता मज्जोरेची बुगाटी पुन्हा पाहावी. ती ‘नवी’ करायची तर पाचांपैकी चार हिस्से आज घडवावे लागले असते. एक सुंदर ब्रेशिया तयार झाली असती, आणि सुंदर ब्रेशिया जगात इतरही आहेत. सरोवराच्या तळाशी पाऊण शतक राहून आलेली ब्रेशिया मात्र ही एकच. गाळाने राखलेली बाजू आणि पाण्याने खाल्लेली बाजू, झडलेले पोलाद आणि तग धरलेले ओतीव भाग, हे सारे मिळून ती काय सोसून आली ते सांगतात. तिला घासून लख्ख करणाऱ्याच्या हाती १९२५ सालही पुरते लागले नसते आणि १९३६ ते २००९ ही वर्षे तर हमखास गेली असती.

२६/
घराच्या माळ्यावर, गावच्या गॅरेजात, भंगाराच्या ढिगात असे काळे, तेलकट, जड कवच कधी हाती आले, तर ब्रश उचलण्याआधी ते उजेडात धरून फिरवून पाहावे. साच्याची रेघ कुठे आहे, आकडे कुठे आहेत, कानस कुठे फिरली आहे, कुणी कधी जोड दिला आहे. हे वाचून, टिपून झाले की मग केरोसीनची वाटी जवळ ओढावी.

(धागा समाप्त)